शब्दांची राखण आणि व्याकरणाची देवघेव
(कुपवाडच्या बोलींवरील एका निबंधाचें परीक्षण)

सन १९६८ च्या एप्रिल महिन्यांत जमेका बेटांतील मोना येथें मिश्र भाषांच्या उत्पत्तीचा विचार करण्यासाठीं विद्वानांची एक परिषद् भरली होती. तिच्यांतून निष्पन्न झालेला निबंधसंग्रह डेल हाइम्स ह्यांनीं संपादन करून १९७१ मध्यें केंब्रिज विद्यापीठाच्या छापखान्यामार्फत प्रसिद्ध केला. ग्रंथाचा मुख्य विषय म्हणजे परक्या बंदरांत आणि मळ्यांवर एकत्र आलेल्या लोकांच्या धेडगुजरी बोली. असा ग्रंथ जुने कागद आणि पोथ्या धुंडाळणाऱ्या आमच्या वाचकांच्या हातीं सहसा पडत नाहीं, आणि पडला तरी आपल्या कामाचा नव्हे म्हणून बाजूस ठेवला जातो. परंतु ह्या संग्रहांतील दोन निबंध थेट महाराष्ट्राविषयीं आहेत. पहिला जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन ह्या दोघांनीं मिळून लिहिलेला, सांगली जिल्ह्यांतील कुपवाड गांवच्या बोलींवरचा. दुसरा फ्रँकलिन साउथवर्थ ह्यांचा, मराठीच्या मूळ उत्पत्तीसंबंधीचा. पैकीं पहिल्याचा परामर्श विस्तारानें आणि दुसऱ्याचा संक्षेपानें घेण्याचें आम्हीं योजिलें आहे. जुन्या लेखांवरून कोणत्या समाजाविषयीं काय अनुमान काढावें व काय काढूं नये, हा आमच्या नित्याच्या व्यवसायांतील प्रश्न ह्या निबंधांनीं नव्यानें उभा केला आहे, हें त्याचें कारण.

प्रथम मानवशास्त्राची ह्या बाबतींतील भूमिका सांगितली पाहिजे. एकोणिसाव्या शतकांत भाषेवरून वंश आणि वंशावरून संस्कृति ठरविण्याची रीत विद्वानांत सर्रास होती. आर्य भाषा बोलणारा तो आर्य, द्राविड भाषा बोलणारा तो द्राविड, असें समीकरण आपल्याकडेहि रूढ झालें आणि त्यावर पुष्कळ वादंगें माजलीं. फ्रान्झ बोआस ह्यांनीं १९११ मध्यें अमेरिकेंतील मूळच्या लोकांच्या भाषांवरील ग्रंथास जी प्रस्तावना जोडली, तींत ह्या समीकरणास जोराचा धक्का दिला. शरीराची ठेवण, भाषा आणि आचारविचार ह्या तीन गोष्टी निरनिराळ्या वेगानें व निरनिराळ्या कारणांनीं बदलतात. एक स्थिर राहून दुसरी पालटूं शकते. म्हणून एकीच्या आधारें दुसरी सिद्ध धरूं नये, असा त्यांच्या प्रतिपादनाचा इत्यर्थ आहे. कुपवाडच्या निबंधाचें महत्त्व असें कीं, जी फोड बोआस ह्यांनीं भाषा आणि संस्कृति ह्यांच्यांत केली, तीच फोड तो खुद्द भाषेच्या पोटांत शिरून करतो.

कुपवाड हें निबंधलेखनाच्या काळीं सुमारे ३००० वस्तीचें गांव होतें. मराठी आणि कानडी ह्या दोन मुलखांच्या सीमेजवळ तें वसलें आहे. जैन आणि लिंगायत ह्यांची घरची भाषा कानडी. त्यांत जैन बहुतांशीं जमीनदार, तर लिंगायतांत कारागीर वर्ग मोठा. मुसलमानांची घरची भाषा उर्दू. जमीन नसलेल्या कष्टकरी जातींची मराठी. ह्यांखेरीज दोर वळण्याचा धंदा करणारीं कांहीं तेलुगु भाषी कुटुंबें. गांवांतील बहुतेक पुरुष एकाहून अधिक भाषा बोलतात, आणि निरनिराळ्या समाजांची गांठ पडली कीं व्यवहार बहुधा मराठींत चालतो. मराठी ही मालकांच्या घरची नव्हे, म्हणूनच ती कोणाच्याहि मानापमानाच्या आड न येतां मधली भाषा म्हणून चालते, असें लेखकांचें मार्मिक निरीक्षण आहे.

आतां निबंधाचा मुख्य सिद्धान्त. ह्या गांवांत कानडी, उर्दू आणि मराठी ह्यांचीं व्याकरणें परस्परांच्या इतकीं जवळ आलीं आहेत कीं, एका भाषेंतील वाक्याचा दुसरींत उतारा करावयाचा तर शब्दाच्या जागीं शब्द आणि प्रत्ययाच्या जागीं प्रत्यय ठेवला म्हणजे पुरे. वाक्याचा सांगाडा एकच; अंगावरचीं वस्त्रें तेवढीं निराळीं. उदाहरणार्थ, कानडींत मनुष्यवाचक नामांखेरीज इतर सर्व नामें नपुंसकलिंगी असतात. ह्याच धर्तीवर कुपवाडच्या मराठींत नदी ‘आली’ न म्हणतां ‘आलं’ म्हणतात, आणि उर्दूंत नपुंसकलिंग मुळांतच नसल्यामुळें तेथें ‘आया’ असें पुल्लिंगी रूप येतें. उलट ‘हें माझें घर आहे’ ह्या अर्थीं कानडींत ‘इदु नन्न मने’ एवढेंच पुरतें, ‘आहे’ची गरज पडत नाहीं, पण कुपवाडची कानडी मराठी-उर्दूच्या संगतीनें तेथें क्रियापद घालते. म्हणजे ही देवघेव एकतर्फी नाहीं. मालकाची भाषा मजुराच्या भाषेपासून घेते आणि मजुराची मालकाच्या भाषेपासून.

मग तिन्ही भाषा मिळून एकच का झाली नाहीं? निबंधाचें उत्तर असें कीं, प्रत्येक समाजाचें घर स्वतंत्र आहे. रोटीबेटीव्यवहार, देवधर्म, आपसांतील बोलणें हें सर्व उंबऱ्याच्या आंत चालतें, आणि त्या उंबऱ्याची खूण म्हणून घरचे शब्द टिकवून धरले जातात. वाक्यरचना कशी वळते इकडे कोणाचें लक्ष नसतें. पण शब्द बदलला कीं तो तत्काळ कानांस खटकतो. जेथें लक्ष असतें तेथें राखण असते. जेथें लक्ष नसतें तेथून शेजारी खुशाल ये-जा करतो.

हा सिद्धान्त आम्हांस ग्राह्य वाटतो. इतकेंच नव्हे, तर त्याचे दाखले आमच्या संग्रहांतून देतां येतात. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनीं सिद्ध केलेला राजव्यवहारकोश घ्या. त्यांत दरबारी व्यवहारांतील फार्शी-अरबी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. राज्याभिषेकाच्या सुमारास पेशव्याचा मुख्यप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत. स्वराज्याच्या जाणिवेनें शब्द पारखून घेतले. परंतु वाक्याच्या घडणीकडे कोणी वळून पाहिलें नाहीं. ‘किल्ले रायगड’, ‘कसबे सुपें’, ‘मौजे अमुक’ ह्यांत सामान्यनाम आधीं व विशेषनाम मागून हा जो क्रम आहे तो फार्शी वळणाचा. आणि पुढें ‘किल्ले’ काढून ‘दुर्ग’ लिहिणारानेंहि ‘दुर्ग रायगड’ असाच क्रम ठेवला! परका म्हणून शब्द ओळखला गेला, रचना ओळखली गेली नाहीं. राजवाडे ह्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’च्या आठव्या खंडाच्या प्रस्तावनेंत सतराव्या व अठराव्या शतकांतील पत्रांमधील फार्शी शब्दांची मोजदाद करून त्यांचें प्रमाण कसें उतरत गेलें तें दाखविलें आहे. ही मोजदाद मोलाची खरी, पण ती शब्दांची आहे. रचनेची मोजदाद अद्याप व्हावयाची आहे.

दुसरा दाखला महजरांचा. गोतसभेपुढील निवाड्याचा मजकूर मोडी मराठींत, एकाच साच्यांत लिहिलेला असतो. त्यांत कोणत्या जातीच्या मनुष्यानें काय बोलीनें साक्ष दिली ह्याचा मागमूस राहत नाहीं. पण शेवटीं पाहावें तों पाटलाचा नांगर, आणि ज्याच्या त्याच्या धंद्याची निशाणी! कोठें निराळ्या लिपींतील सही. भाषा समाईक, ओळख निशाणींत. तिसरा दाखला महानुभाव पोथ्यांचा. त्यांची भाषा अस्सल मराठी आहे. तिच्यांत शब्दांची वा व्याकरणाची भिंत नाहीं. म्हणून त्या पंथानें सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिप्यांची भिंत उभारली. ह्यावरून आम्हीं असा निष्कर्ष काढतों कीं, समाज आपली ओळख भाषेच्या सर्व अंगांत सारखी पसरून ठेवीत नाहीं. जें अंग डोळ्यांस वा कानास चटकन जाणवेल त्यांतच ती सांठवितो. कुपवाडांत तें अंग शब्द होतें, महजरांत निशाणी, महानुभावांत लिपि.

निबंधाचे गुण असे मोठे असल्यामुळेंच त्याचे दोष स्पष्ट सांगणें अवश्य आहे. पहिला दोष तुलनेचा. कुपवाडच्या बोली बदलल्या असें म्हणावयाचें तर त्या कशापासून बदलल्या, हें ठरलें पाहिजे. लेखकांनीं तुलनेस घेतली ती मुख्यतः ग्रंथांतील प्रमाण भाषा. परंतु कुपवाडच्या मुसलमानांचे पूर्वज लखनौची उर्दू बोलत आले आणि कुपवाडास येऊन ती विसरले, असें थोडेंच आहे? त्यांच्या बोलीचें नातें दखनीशीं आहे. प्रमाण उर्दूंत ‘मैंने रोटी खाई’ असें क्रियापद रोटीमागें जातें. दखनींत ‘मैं रोटी खाया’ असें तें बोलणाऱ्यामागें जातें, जसें कानडींत ‘नानु रोट्टि तिंदे’ येथें जातें. ‘अपन’ आणि ‘हम’ हा भेद, किंवा मराठी ‘म्हणून’च्या चालीवर ‘बोलके’ वापरणें, ह्याहि गोष्टी हैदराबादेकडील दखनींत ऐकूं येतात. ज्या गोष्टी साऱ्या दक्षिणेंत पसरल्या आहेत त्यांचें जन्मस्थान एका गांवच्या वेशींत शोधणें युक्त नव्हे. ‘करून’, ‘करके’, ‘माडि’ अशा पूर्वकालवाचक रूपांनीं वाक्य सांधण्याची रीत तर भरतखंडभर आहे, हें एमेनो ह्यांनीं १९५६ मध्यें आपल्या प्रसिद्ध लेखांत दाखविलें होतें. तेव्हां कुपवाडचें म्हणून जें सांगितलें जातें त्यांतून दक्षिणेचें व हिंदुस्थानचें वजा केल्यावर गांवाचें स्वतःचें असें काय उरतें, हा हिशेब निबंधानें पुरा केलेला नाहीं.

दुसरा दोष काळाचा, आणि तो आमच्या दृष्टीनें अधिक गंभीर आहे. कानडी आणि मराठी भाषी लोक ह्या भागांत सहा शतकांहून अधिक काळ, व मुसलमान तीनचार शतकें राहत आहेत, असें लेखक धरतात आणि ह्या दीर्घ सहवासावर सारा सिद्धान्त उभारतात. पण सहवास किती शतकांचा हें सांगणें निराळें आणि व्याकरण कोणत्या शतकांत वळलें हें दाखविणें निराळें. निबंधाचा भार सर्वस्वीं विद्यमान बोलीवर आहे; जुन्या लेखांची साक्ष त्यानें काढलेली नाहीं. ती काढण्याजोगी नव्हती असेंहि नाहीं. कोल्हापूरच्या शिलाहारांचे अकराव्या-बाराव्या शतकांतील कानडी शिलालेख ह्याच टापूंतील आहेत. त्यावरून कानडीचा येथील वास सहा नव्हे, आठ शतकांच्याहि मागें जातो. अलीकडील काळासाठीं मिरजेच्या पटवर्धनांचें दप्तर आहे, ज्यांतून वासुदेवशास्त्री खरे ह्यांनीं १८९७ पासून ऐतिहासिक लेखसंग्रह छापावयास आरंभ केला. आदिलशाही अमदानीचीं, वर फार्शी व खालीं मोडी मराठी मजकूर असलेलीं फर्मानें आहेत. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या ‘किताब-ए-नौरस’सारखे दखनी ग्रंथ आहेत. काळाचा धागा ज्यांत सांपडेल तीं साधनें अशीं विखुरलेलीं असतां, केवळ आजच्या बोलण्यावरून सहा शतकांचा इतिहास वाचणें म्हणजे झाडाची सावली मोजून त्याचें वय सांगण्यासारखें आहे.

लेखाची साक्ष किती उपयोगी पडते ह्याचें एक उत्तम उदाहरण श्रवणबेळगोळ येथें आहे. गोमटेश्वराच्या पायथ्याशीं ‘चावुंडराजानें करविलें’ हा एकच आशय कानडी, तमिळ व मराठी अशा तीन भाषांत कोरला आहे. वरवर पाहतां हेंहि कुपवाडच म्हणावें! नांवाखालीं नांव, क्रियापदाखालीं क्रियापद. परंतु बारकाईनें पाहावें. कानडींत कर्ता प्रथमेंत असून ‘माडिसिदं’ हें क्रियापद कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणें चालतें. मराठींत ‘चावुंडराजें’ ही तृतीया असून ‘करवियलें’ हें नपुंसकलिंगी आहे. शब्द समोरासमोर बसले, पण मराठीनें आपला कर्मणि-भावे प्रयोग सोडला नाहीं. एकाच शिळेवर शेजारीं कोरल्या गेलेल्या भाषा तेव्हां आपापलें व्याकरण राखून होत्या. शेजार असला म्हणजे व्याकरण वितळतेंच असें नाहीं, हें ह्यावरून उघड होतें. अर्थात् शिळेवरची भाषा जाणत्याची असते व कुपवाडची शेतांतली आणि बाजारांतली. हा भेद विसरतां कामा नये. तथापि कोणत्या परिस्थितींत वितळतें व कोणत्या परिस्थितींत नाहीं, हें ठरविण्यास दोन्ही प्रकारचे दाखले लागतात. निबंधानें एकच प्रकार पाहिला.

आणखी एक शंका. घरची बोली ही ओळखीची खूण, असें म्हटल्यावर घरांत ती कोणाच्या तोंडीं नांदते, हा प्रश्न येतो. ती मुख्यतः स्त्रियांच्या तोंडीं नांदते. बाजार, चावडी आणि मळा ह्यांत वावरणाऱ्या पुरुषांच्या बहुभाषिकत्वावरून उंबऱ्याआडच्या बोलीविषयीं कितपत बोलतां येईल? ज्या माजघरांत राखण चालते त्याचीच साक्ष अधिक तपशिलानें हवी होती.

साउथवर्थ ह्यांचा निबंध हीच दृष्टि दीड हजार वर्षें मागें नेतो. मराठीच्या उगमकाळीं आर्य व द्राविड भाषांच्या संकराची एक अवस्था असावी, असें त्यांचें अनुमान आहे. कल्पना धाडसाची आहे, आणि मराठीवर द्राविड संस्कार आहे हें नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु केवळ बाजारी संकरांतून जन्मलेल्या भाषेंत विभक्ति, लिंग, पुरुष ह्यांची झीज अपेक्षित असते. मराठीनें तर प्राकृतांतील तिन्ही लिंगें राखलीं, जीं हिंदीस राखतां आलीं नाहींत. लीळाचरित्राची किंवा शके १२१२ मधील ज्ञानेश्वरीची भाषा पाहिली तर प्रत्ययांनीं समृद्ध असें शरीरच दृष्टीस पडतें. प्राकृतापासून मराठीपर्यंतचे वर्णविकार किती नियमबद्ध आहेत हें झ्यूल ब्लॉक ह्यांनीं १९२० मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत सविस्तर दाखविलें आहे. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद द्राविड संस्काराचा पुरावा म्हणून वारंवार पुढें केला जातो. पण तो तमिळ-तेलुगूंत असला तरी मराठीस सर्वांत जवळच्या प्रचलित कानडींत आढळत नाहीं, आणि गुजरातींत ‘अमे’ व ‘आपणे’ असा स्पष्ट आढळतो. तेव्हां त्या एका खांबावर फार मोठें छत घालतां येणार नाहीं. साउथवर्थ ह्यांच्या बाजूनें इतकें मात्र म्हटलें पाहिजे कीं, पोथ्या लिहिणारे वर्ग थोडे होते आणि न लिहिणारे बहुत. न लिहिणारांची बोली कशी होती हें ज्ञानेश्वरी सांगणार नाहीं. त्यांच्या अनुमानास खंडन म्हणून ग्रंथांची भाषा पुरी पडत नाहीं. समर्थन म्हणून मात्र दुसरें कांहीं तरी हवें.

तें दुसरें कांहीं तरी कोठें मिळेल, ह्या प्रश्नाशींच आमच्या वाचकांचा खरा संबंध पोंचतो. न लिहिणाऱ्या लोकांची बोली जर कोठें झिरपली असेल, तर ती गांवोगांवच्या सामान्य लेखनिकांच्या कागदांत: कबुलायतींत, तक्रार अर्जांत, सावकारी खतांत, औषधांच्या आणि मंत्रतंत्रांच्या बाडांत. ह्या कागदांत लिंगाचा घोटाळा असतो, कर्त्याक्रियापदाचा मेळ बसत नाहीं, नको तेथें ‘आहे’ येतें. आणि आपले संपादक काय करतात? ‘लेखनिकाचा प्रमाद’ म्हणून तें सर्व निमूटपणें दुरुस्त करून छापतात. एखाद्या सीमेवरच्या गांवच्या कागदांत ‘नदी आलें’ असें लिहिलेलें आढळलें तर तो लेखनिकाच्या अज्ञानाचा पुरावा नसून त्याच्या घरच्या भाषेचा, त्याच्या शेजाराचा किंवा गांवाच्या बोलीचा पुरावा असूं शकतो. संपादकाची लेखणी त्यावरून फिरली कीं तो पुरावा कायमचा नष्ट होतो. कारण छापील प्रत झाल्यावर मूळ कागदाकडे कोणी पुन्हा जात नाहीं, आणि पुष्कळदां तो कागदहि उरत नाहीं. शब्द जपावे आणि व्याकरण सुधारावें ही जी आमची संपादनाची रीत, ती कुपवाडच्या लोकांच्या रीतीचीच आवृत्ति आहे: जें कानाला जाणवतें त्याची राखण, जें जाणवत नाहीं त्याची बेपर्वाई. गांवकऱ्यांस ती शोभते. संशोधकांस शोभत नाहीं.

ह्यावरून दोन नियम आम्हीं सुचवितों. एक, कागद जसाच्या तसा छापावा. दुरुस्ती वाटली तर ती कंसांत वा टिपेंत द्यावी, मूळ पाठांत घुसडूं नये. दोन, पोथीच्या वा कागदाच्या सूचींत लेखनिकाचें गांव, त्याची जात वा धंदा कळल्यास ती, आणि समासांत वा सहींत दुसरी लिपि असल्यास तिची नोंद अवश्य करावी. त्याबरोबरच एक निषेधहि सांगतों. केवळ फार्शी शब्द अधिक म्हणून कागद अमक्या समाजाचा, किंवा कानडी शब्द अधिक म्हणून लेखनिक कानडी, असें अनुमान करूं नये. शब्द हे जाणूनबुजून घेतले वा टाकले जातात. ते मनुष्याचा हेतु सांगतात, त्याचें घर सांगतीलच असें नाहीं. घर सांगण्याचा संभव अधिक आहे तो त्याच्या नकळत पडलेल्या व्याकरणाच्या वळणांत.

कुपवाड आतां तें गांव राहिलेलें नाहीं. तेथें औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि १९९८ मध्यें सांगली, मिरज व कुपवाड मिळून एक महानगरपालिका झाली. त्यापूर्वीं १९५६ त राज्यांची भाषावार पुनर्रचना व १९६० त महाराष्ट्र राज्याची स्थापना होऊन मराठीचें स्थान गांवच्या मधल्या भाषेऐवजीं राज्याची भाषा असें झालें होतें. डेक्कन कॉलेजांतील सोनल कुलकर्णी-जोशी ह्यांनीं चार दशकांनंतर तेथील भाषाव्यवहार पुन्हा पाहिला आणि २०१६ मध्यें जुन्या सिद्धान्ताची चिकित्सक फेरतपासणी प्रसिद्ध केली. ती मूळ निबंधाच्या जोडीनें वाचावी. बोलीचा अभ्यासक असा पुन्हा गांवांत जाऊन कान देऊं शकतो. पण तो ज्या काळांत जाऊं शकत नाहीं तो काळ आमच्या रुमालांत बांधलेला आहे. मिरज, सांगली, कागवाड, अथणी ह्या टापूंतील ज्यांच्या घरीं जुनीं खतें, जैन वा लिंगायत मठांचे कागद किंवा दखनी बाडें असतील, त्यांनीं तीं अशुद्ध म्हणून टाकून देऊं नयेत, आणि शुद्ध करून तर मुळींच पाठवूं नयेत. त्यांतील अशुद्धें हींच ह्या प्रश्नाचीं उत्तरें ठरण्याचा संभव आहे.